घरात एकटे असताना अचानक आजारी पडलो तर? सांगलीकर ज्येष्ठांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलं पुण्याला, बंगळूरला नाहीतर थेट अमेरिकेत, आणि इथे सांगलीत तीन खोल्यांच्या घरात एक माणूस, फार तर दोन. विश्रामबागेपासून माधवनगरपर्यंत अशी घरं आता गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या बहुतेकांना असंच राहायचं आहे. लेकाच्या फ्लॅटमध्ये बाराव्या मजल्यावर दिवसभर टीव्हीसमोर बसण्यापेक्षा आपलं अंगण बरं, हे त्यांचं म्हणणं मला पटतं. मी मिरजेत बरीच वर्षं सिस्टर होते. निवृत्तीनंतर आमच्या भागातले ज्येष्ठ जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझा एक ग्रह आधीच सांगून टाकते: एकट्या माणसाचा घात बऱ्याचदा आतून लावलेली कडी करते, नाहीतर "उगीच कुणाला कशाला त्रास" ही भीड. गोळ्यांच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

एकदम बरं वाटेनासं झालं तर सगळ्यात आधी काय करायचं?

चालता येत असेल तर पुढच्या दाराची कडी काढा आणि दाराजवळच बसून फोन करा. गोळी शोधणं, साडी बदलणं, गॅसवरचं दूध उतरवून झाकून ठेवणं यातलं काही नको; गॅस बंद केला की पुरे. आत्ता दारापर्यंत जाता येतंय, दहा मिनिटांनी येईलच असं नाही. उभंसुद्धा राहवत नसेल तर मात्र आधी फोन, दाराचं नंतर बघू.

पहिला फोन १०८ ला, दुसरा ज्याच्याकडे तुमची किल्ली आहे त्याला. लेकाला तिसरा. पुण्याहून तो कितीही सुसाट आला तरी चार-पाच तास लागणार, आणि फोनवर त्याची घालमेल ऐकण्यात तुमची मिनिटं जाणार.

१०८ ची गाडी खरंच फुकट असते का? फोनवर काय सांगायचं?

हो, फुकट. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे, चोवीस तास, आणि गाडीत डॉक्टर असतो. काय होतंय ते एका वाक्यात सांगा: "छातीत दुखतंय, घाम आलाय, वय ७४, घरात एकटी आहे." एकटी आहे हे सांगायला विसरू नका. मग पत्ता.

आपल्याकडे प्लॉट नंबर सांगून रात्री दोन वाजता कुणालाही घर सापडत नाही. खूण सांगा: कुठलं मंदिर, कुठली शाळा, शंभर फुटी रोडवरून आत कितवं वळण, गेटचा रंग कोणता. हे चार ओळींत मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या जागेजवळ भिंतीवर चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी खूपदा पाहिलं आहे. बाहेरचा दिवा लावा. शेजारचं कुणी जागं असेल तर कोपऱ्यावर उभं करा.

१०८ लागत नसेल तर ११२. तिथून पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय मदत सगळं जोडून देतात.

गाडीला उशीर होतोय आणि शेजाऱ्याची कार दारात आहे, तर कारने जा. पण छातीत दुखत असताना स्वतः स्कूटी काढून दवाखान्यात जाणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आपल्याकडे तो शूरपणा म्हणून सांगितला जातो.

गॅसेस आहेत की हार्ट, हे घरबसल्या कसं ओळखायचं?

नक्की ओळखता येत नाही. म्हणून तर ईसीजी काढतात. छातीवर कुणी बसल्यासारखा दाब, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, ही लक्षणं सगळ्यांना पाठ आहेत. पण साठी-सत्तरीच्या पुढे, त्यातही मधुमेह असेल तर, छातीत काहीच दुखत नाही असंही होतं. नुसता दम लागतो. मळमळतं. गळून गेल्यासारखं वाटतं. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, आणि बायकाच जास्त अंगावर काढतात.

ओवा खाऊन, सोडा पिऊन वाट बघत बसू नका. असं वाटणं दहा-पंधरा मिनिटांत गेलं नाही, किंवा घाम आणि दम सोबत असेल, तर ते हार्टच आहे असं समजून निघा. गॅसेस निघाले तर उत्तमच, हसत घरी या. आणि एक: पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नसतं. काही वेळाने पुन्हा काढतात, रक्त तपासतात. "तासभर थांबा" म्हणाले तर थांबा.

तोपर्यंत पाठीला उशा लावून अर्धवट बसा. जिभेखाली ठेवायची गोळी तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेली असेल तरच घ्या, तीही बसून. शेजारच्या काकांच्या डबीतली नको; बीपी आधीच उतरलेलं असेल तर त्या गोळीने माणूस जागेवर कोसळतो. ॲस्पिरिनचंही तसंच. १०८ च्या डॉक्टरांनी चावून खायला सांगितली तर खा, मनाने नको.

लकवा मारला तर मालिश, तेल, पाणी... काय चालतं?

काहीही नको, पाणीसुद्धा नको. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते, पाणी श्वासनलिकेत जातं आणि मग न्यूमोनिया मागे लागतो.

हसून बघा, तोंड एका बाजूला ओढलं जातंय का? दोन्ही हात समोर धरा, एक आपोआप खाली येतो का? "आज सोमवार आहे" एवढं वाक्य नीट म्हणता येतं का? यातलं एक जरी बिघडलेलं असेल तर लगेच १०८. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी जा. तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गुठळीमुळे झालेला झटका असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. (म्हणूनच घरी ॲस्पिरिन द्यायची नाही.) हे साडेचार तास मोजायचे ते माणूस शेवटचा ठीकठाक होता त्या वेळेपासून. झोपेत झटका आला तर घड्याळ रात्री झोपल्यापासून सुरू. आता एकट्या माणसाची अडचण बघा: शेवटचा ठीक कधी होता, हे सांगणारंच कुणी नसतं. डॉक्टर विचारतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. अशा वेळी विशेष तपासण्या करून काही रुग्णांना उपचार देता येतात, पण वाट अवघड होते. रोजच्या खबरीबद्दल पुढे लिहिलं आहे, ते या कारणासाठी मन लावून वाचा.

साखर कमी झाली की जास्त झाली, कसं कळणार?

हातपाय थरथरणं, घाम, पोटात आग, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी: बहुधा कमी झाली. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर बघा, ७० च्या खाली म्हणजे कमी. नसेल तर तपासत बसू नका, तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, मग पोळी किंवा बिस्किटं असं काही पोटात जाऊ द्या. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर हळू चढते.

मधुमेहाच्या काही गोळ्यांचा अंमल बराच काळ टिकतो, ग्लिमेपिराइड त्यातलीच. साखर खाऊन बरं वाटलं आणि झोपलात तर पहाटे ती पुन्हा उतरू शकते. त्या रात्री एकटं झोपू नका. उपासाला गोळी पूर्ण आणि पोटात नुसती साबुदाण्याची वाटी, हा आषाढी-कार्तिकीचा ठरलेला प्रकार आहे. उपास करायचा तर गोळीचं आधी विचारून घ्या.

पडलो आणि उठताच येत नसेल तर?

लगेच उठायची धडपड नको. मिनिटभर पडून राहा, कुठे दुखतंय ते बघा. एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, किंवा जांघेत कळ येते, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलू नका, हाक मारा. तसं नसेल तर कुशीवर व्हा, हातागुडघ्यांवर रांगत पलंगापाशी किंवा जड खुर्चीपाशी जा, दोन्ही हात वर टेका, धडधाकट पायाचं पाऊल पुढे रोवा, वर व्हा आणि वळून बसा. बरे असताना हे एकदा कुणासमोर करून बघा. गंमत वाटेल, पण अंगाला कळतं.

उठता आलंच नाही तर फरशीवर निपचित पडून राहू नका. चादर, सतरंजी ओढून अंगाखाली आणि अंगावर घ्या. फरशीचा गारवा अंगात भिनतो. तासन् तास एकाच अंगावर पडून राहिलं की स्नायू दबून मरतात आणि त्याचा त्रास थेट मूत्रपिंडांना होतो. तेव्हा बोटं, पाय, कूस जमेल तसं हलवत राहा. हाताला लागेल ते वाजवा. स्टीलचं भांडं फरशीवर आपटलं की आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो, हाक जात नाही.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल (क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲपिक्साबॅन वगैरे), तर काही वाटत नसलं तरी दाखवून या, सीटी लागू शकतो. म्हातारपणी मेंदूभोवती हळूहळू रक्त साचतं आणि लक्षणं दोन-तीन आठवड्यांनीही दिसतात. डोकं दुखतं, चाल बिघडते, माणूस सुस्तावतो, आणि तोवर पडल्याचं सगळे विसरलेले असतात.

बरीचशी पडझड रात्री लघवीला उठताना होते. झोपेतून ताडकन उभं राहिलं की बीपी उतरतं. पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसायचं, मग उठायचं.

"बाबा कालपासून फोनवर काहीतरी भलतंच बोलतायत. वय झालं म्हणायचं का?"

पुण्या-मुंबईच्या लेकी हा प्रश्न विचारतात. नाही, वय एका रात्रीत होत नाही. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो. कालपर्यंत वीजबिलाचा हिशोब सांगणारा माणूस आज वार विसरतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, नाहीतर दिवसभर झोपून राहतो, तेव्हा शरीरात कुठेतरी बिघाड असतो. लघवीचं इन्फेक्शन, छातीत कफ, अंगातलं पाणी कमी होणं, साचलेली लघवी, नवीन सुरू झालेली झोपेची गोळी. बीपीसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांत रक्तातलं सोडियम उतरणं हे तर नेहमीचं. या वयात इन्फेक्शनला ताप येईलच असं नाही. त्याच दिवशी दाखवा. सोडियमची तपासणी साधी असते, उपचार आहेत, माणूस बरा होऊन पुन्हा वीजबिलावर वाद घालू लागतो.

जुलाब-उलट्या झाल्या तर घरीच थांबलं तर चालेल?

पोटात पाणी टिकत असेल, लघवी होत असेल, तर दिवसभर थांबता येईल. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, मोठं असेल तर एक लिटरमध्ये. निम्मं पाकीट पेलाभर पाण्यात टाकणं चूक आहे, त्याने मीठ वाढतं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अंगातलं पाणी गेलेलं असताना बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि मेटफॉर्मिन मूत्रपिंडांना जड जाऊ शकतात. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. उठल्यावर चक्कर, शौचात रक्त किंवा सहा-आठ तास लघवी नाही, तर ॲडमिट व्हायला लागेल.

अंगदुखीसाठी मेडिकलवाल्याकडून "एक चांगली गोळी" आणू नका. पॅरासिटामॉल पुरते.

रात्री कडी न लावता झोपायचं? मग चोरांचं काय?

दार बंद हवंच, पण बाहेरून किल्लीने उघडेल असं. मुख्य दाराला लॅच बसवा, तीन किल्ल्या करा आणि आतली कडी, अडसर, वरची-खालची बोल्ट हे रात्री लावणं सोडा. लॅच चांगल्या प्रतीचं घ्या, कडीवर जायचे ते पैसे इथे घाला.

आपल्या बंगल्यांची खरी अडचण पुढची आहे. दाराबाहेर जाळीचं दार, त्याला आतून कुलूप, आणि किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. मी अशा दारांबाहेर शेजाऱ्यांबरोबर उभी राहिले आहे. आतून कण्हण्याचा आवाज येतो आणि बाहेर चार माणसं हातोडी शोधतात. जाळीचं कुलूप असं लावा की दोन्ही बाजूंनी हात पोचेल, आणि त्याची दुसरी किल्ली लॅचच्या किल्लीबरोबर ठेवा. दार फोडायचीच वेळ आली तर अग्निशमन दलाचा १०१.

न्हाणीघराची कडी घरात एकटं असताना लावायचीच नाही. कोण येणार आहे? शिवाय न्हाणीघराचं दार आत उघडणारं असतं आणि पडलेला माणूस नेमका दारालाच आडवा होतो. सुताराला सांगून बिजागऱ्या फिरवून घ्या, दार बाहेर उघडू दे. एका दुपारचं काम आहे. भिंतीला धरायचा दांडा लावून घ्याल तो त्याच दुपारी लावा.

किल्ली शेजाऱ्याकडे ठेवायला मन घेत नाही.

समजतं. दागिने आणि कागदपत्रं बँकेच्या लॉकरमध्ये गेली की मन बरंचसं घेतं. एक किल्ली अगदी जवळच्या घरी, दुसरी दोन गल्ल्या पलीकडच्या नातलगाकडे. दोघंही एकाच लग्नाला जाणार नाहीत अशी निवडा! कामवाल्या मावशींकडे द्यायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या मते वर्षानुवर्षं घरात वावरणाऱ्या बाईवर किल्लीपुरता विश्वास ठेवायला हरकत नाही, सकाळी सगळ्यांत आधी दारात तीच येते.

पोलीस ठाण्यातही नाव नोंदवा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते. जाऊन अर्ज द्या, पोच घ्या.

रोज कुणाला फोन करायचा? कंटाळा येतो.

फोन नको, खूण पुरे. लोक ज्येष्ठांच्या "शुभ सकाळ" फुलांना हसतात. माझ्या दृष्टीने एकट्या माणसाचं ते हजेरीपत्रक आहे. फक्त ते एका ठरलेल्या माणसाला, ठरलेल्या वेळी जायला हवं, आणि आलं नाही तर त्याने काय करायचं हेही ठरलेलं हवं: साडेआठपर्यंत नाही आलं तर फोन, पावणेनऊला शेजारी, नऊला दार. गावाला जाणार असाल तर आधी कळवा, नाहीतर दोनदा खोटी धावपळ झाली की तिसऱ्यांदा कुणी येत नाही. रात्री झोपतानाही एक निरोप टाका. लकव्याच्या वेळी तीच वेळ डॉक्टरांना सांगता येते.

व्हॉट्सॲप नको असेल तर जुनी पद्धत: सकाळी पुढची खिडकी उघडायची, समोरच्यांनी बघायचं. दूधवाल्याला सांगून ठेवा, कालची पिशवी तशीच दिसली तर बेल वाजव, आणि त्याला शेजाऱ्याचा नंबर द्या.

बोलायलाच कुणी नसेल, किंवा काही अडचण असेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ चालते. पण ती सल्ल्यासाठी, मार्गदर्शनासाठी आहे, ॲम्ब्युलन्सऐवजी नाही.

मोबाईलमध्ये काय करून ठेवावं?

नातवाकडून तीन गोष्टी करून घ्या. लॉक असलेल्या स्क्रीनवरूनही दिसेल अशी आणीबाणीची माहिती (आजार, गोळ्या, ॲलर्जी, दोन नंबर). पॉवरचं बटण लागोपाठ दाबलं की मदतीचा फोन जाईल अशी सोय. किती वेळा दाबायचं ते त्या फोनवर बघून घ्या. बऱ्याच साध्या, बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की ११२ लागतो. आणि किल्लीवाल्या शेजाऱ्याचा नंबर स्क्रीनवर पहिला.

पण फोन अंगावर नसेल तर हे सगळं फोल. पुरुषांना खिसा असतो, बायकांच्या गाऊनला नसतो. शिंप्याकडून खिसा शिवून घ्या किंवा गळ्यात पिशवी अडकवा, न्हाणीघरातही न्या. चार्जर गुडघ्याच्या उंचीवर लावा, म्हणजे जमिनीवर असलात तरी वायर ओढून फोन हाती येतो.

हॉस्पिटलची पिशवी आधीच भरून ठेवायची म्हणतात. अपशकुन नाही का?

नाही. एक फाईल पुरते: गोळ्यांची चालू यादी मापासकट (जुनी काढून टाका, दोन याद्या एकीपेक्षा वाईट), शेवटचा ईसीजी, आधार आणि आरोग्य कार्डाची प्रत, ॲलर्जी, डॉक्टरांचं नाव. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळीची डबी सोबत घ्या. ऐकू येत नाही, दिसत नाही, म्हणून भांबावलेला रुग्ण वॉर्डात वेडा ठरतो. फाईल फ्रिजवर किंवा दारामागे, कपाटात कुलपात नको.

सांगलीत जायचं की मिरजेत?

डॉक्टरांच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान. मिरजेला मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक इथे उपचाराला येत आले. आता मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सांगलीचं सिव्हिल आहे, शिवाय दोन्हीकडे खासगी दवाखान्यांच्या रांगा. इतका पर्याय असला की ऐनवेळी गोंधळ होतो, म्हणून बरे असतानाच चौकशी करून ठरवा: रात्री सीटी स्कॅन आणि हृदयाचे डॉक्टर कुठे मिळतात, तुमचं कार्ड कुठे चालतं. लकवा आणि हार्टसाठी जवळचं नको, सोय असलेलं बघा. गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात अर्धा तास घालवून मग "मिरजेला न्या" ऐकणं महागात पडतं.

पैशांचं काय? डिपॉझिटशिवाय घेतात का?

जीवावर बेतलेलं असेल तर प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत; परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच डॉक्टरांचं हे कर्तव्य स्पष्ट केलं आहे. शब्दाला शब्द वाढवू नका, "आधी उपचार सुरू करा, पैशांचं माणूस बघतोय" एवढंच शांतपणे म्हणा.

वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये ही सोय सुरू झाली, आधारवर कार्ड निघतं. पेन्शनवाले "आपल्याला थोडंच मिळणार" म्हणत बसून राहिलेत, त्यांनी आजच काढावं. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आहे, चौकशीसाठी १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, शेजाऱ्याला सांगून ठेवा की पोचल्याबरोबर त्याला गाठायचं. नंतर कार्ड दाखवलं की कटकटी वाढतात.

घरात थोडी रोकड ठेवा. बँक खातं मुलाबरोबर किंवा बहिणीबरोबर दोघांपैकी कुणीही काढू शकेल असं करून घ्या. नुसतं नॉमिनेशन असेल तर तुम्ही जिवंत असेपर्यंत त्याचा उपयोग नाही. यूपीआयचा पिन मात्र कुणालाच नको.

मुलगा इथे नाही, तर ऑपरेशनच्या कागदावर सही कोण करणार?

तुम्ही. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःचीच. शुद्ध नसेल आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर संमतीसाठी अडून बसत नाहीत. नातेवाईकच हवा हा हट्ट कधीकधी कार्यालयाचा असतो. मुलाचा व्हिडिओ कॉल लावून दिला की बऱ्याचदा सुटतं.

व्हेंटिलेटरवर महिनोन् महिने ठेवू नये अशी तुमची इच्छा असेल तर ती आधी लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. मुलांशी मात्र तोंडाने बोला. हा कागद त्यांनी पहिल्यांदा आयसीयूबाहेर वाचू नये.

पुराच्या दिवसांत आजारी पडलो तर?

पुराच्या दिवसांत आजारी पडायची वाट बघू नका, आधी हला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, काकानगर इथल्यांना हे सांगायला नको. पण गावभागातली जुनी मंडळी "२००५ ला पायरीपर्यंतच आलं होतं" या हिशोबावर बसून राहतात. डायलिसिस चालू असेल, घरी ऑक्सिजनचं मशीन असेल, गुडघे गेलेले असतील, तर ३५-३६ फुटांना आणि कोयना धरणातून विसर्ग वाढल्याच्या बातमीलाच विश्रामबाग-मिरजेकडच्या नातलगांकडे जा. चार दिवस पाहुणचार घेऊन परत आलात आणि पाणी आलंच नाही, तर बिघडलं काय? बोटीत आजारी माणसाला उतरवणं सोपं नसतं.

पावसाळ्याच्या सुरुवातीपासून पंधरा-वीस दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवा. वीज गेली तर वापरात असलेली इन्शुलिनची बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे टिकते, माठाजवळ ठेवा. न उघडलेल्या बाटल्या फ्रिज चालू असलेल्या घरी पाठवा.

डिस्चार्जनंतर एकटं राहता येईल का?

पहिले काही दिवस नको. आजारात आठवडाभर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांतली ताकद भराभर जाते, आणि दुसऱ्यांदा पडणं तेव्हाच होतं. बहीण, भाचा, ब्युरोची (घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेची) मावशी, कुणीही चालेल. ब्युरोकडून घेताना आधारची प्रत, पोलीस पडताळणी आणि कामाचे तास लिहून घ्या. डबा लावताना कमी मिठाचा सांगा. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट मिळतो, त्याचे पैसे वाचवू नका.

डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या आणि घरातल्या जुन्या गोळ्या एकत्र टेबलावर मांडून डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला दाखवा. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा पोटात जाणं सर्रास घडतं.

काठी, वॉकर, कमोडची खुर्ची यासाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एकदा ३००० रुपये खात्यात मिळतात.

मुलांना लगेच सांगावं की बरं झाल्यावर?

लगेच. "तुला काळजी नको म्हणून नाही सांगितलं" हे वाक्य ऐकलेली मुलं पुढे रोज संशयाने फोन करतात, आणि मग "तिकडे चला"चा धोशा सुरू होतो. एकटं राहायचं असेल तर खरं सांगायचं. त्यांनीही लगेच सामान बांधायला येऊ नये.

स्कूटी कधी चालवू शकेन?

लकवा, फिट किंवा बेशुद्धी आली असेल तर डॉक्टरांनी तोंडाने हो म्हणेपर्यंत नाही, आणि काहींना मग कायमची नाहीच. हार्टनंतर किती थांबायचं ते काय उपचार झाले त्यावर ठरतं. तोवर रिक्षावाला ठरवून टाका, एकच, ओळखीचा, घर माहीत असलेला. त्यालाही किल्ली कुणाकडे आहे ते सांगून ठेवा.